बेळगावहून वाइनच्या गावाला जायचं, पण कुठल्या?

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही घरची सहाजण नाशिकला गेलो होतो. दोन दिवसांचा प्रवास, मुलांना घडांनी लगडलेला मळा दाखवायचा एवढाच हेतू. बागेत पोचलो तर समोर तारांवर कोवळी फूट, ओळीच्या ओळी, आणि घड एकही नाही. खरड छाटणी, म्हणजे नव्या फुटीसाठी वेल छाटणं, होऊन जेमतेम महिना झाला होता. मामांच्या अथणीकडच्या बागेतही मेमध्ये हेच दिसतं, पण वाइनची बाग काही निराळी असेल असं आम्ही धरून चाललो होतो. चाखायला वाइन मिळाली, जेवण छान झालं, पण ज्यासाठी गेलो ते राहूनच गेलं. तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणीकडचं कुणी विचारायला आलं की मी वायनरीचं नाव सांगत नाही. आधी विचारतो, सुट्टी कुठल्या महिन्यात आहे? मग, सोबत कोण आहे? त्यानंतर रस्ता. बाटलीवरचं नाव सगळ्यांत शेवटी.

पहिलं काम: महिना ठरवा

आपल्याकडच्या द्राक्षवेलीचं वर्ष दोन छाटण्यांवर चालतं. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, ती काडी, म्हणजे पुढं घड धरणारी फांदी, तयार होण्यासाठी. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, तीच गोडी छाटणी. थंड देशांत हिवाळ्यात वेल आपोआप झोपी जाते. आपल्या उष्ण हवेत ती झोपत नाही, म्हणून शेतकऱ्याला कात्रीनं तिचं वर्ष आखून द्यावं लागतं. दोन छाटण्या, पण पीक एकच. फळछाटणीपासून चार-पाच महिन्यांनी तोडणी.

म्हणजे महिन्यांचा हिशोब असा. चमचमत्या, फेसाळ वाइनसाठीची द्राक्षं सगळ्यांत आधी उतरतात, कारण त्यांत साखर कमी आणि आंबटपणा जास्त लागतो. त्यामागून जानेवारी-फेब्रुवारीत पांढरी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल. तोडणी, ट्रॅक्टरमधून येणारे क्रेट, दाबयंत्र, टाक्यांमधला आंबण्याचा वास, हे सगळं एकाच भेटीत बघायचं असेल तर जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीअखेर एवढाच काळ धरा. पाऊसकाळात डोंगर हिरवे असतात, वेलही हिरवी असते, गर्दी कमी असते. निवांत बसायला तो काळ फार चांगला, पण फळ नसतं. दिवाळीच्या सुट्टीत नुकती छाटलेली बाग आणि नवे फुटवे दिसतात.

अडचण उघड आहे. मुलांच्या सुट्ट्या दिवाळीत आणि मेमध्ये, आणि द्राक्षं फेब्रुवारीत. यातून मला दोनच सरळ वाटा दिसतात. एक, फेब्रुवारीत शनिवार-रविवारला एक दिवस जोडून जवळचा प्रदेश निवडा. दोन, सुट्टी मेमध्येच असेल तर द्राक्ष सोडा आणि काजू धरा. मार्च ते मे हा गोव्याच्या सत्तरी, पेडण्याकडं काजूच्या बोंडांचा हंगाम. चोर्ला घाट उतरलं की भट्ट्यांवर हुर्राक आणि फेणी गाळायचं काम चालू असतं. ती वाइन नव्हे, गाळलेली दारू आहे, पण फळापासून पेल्यापर्यंतचा सगळा प्रवास डोळ्यांसमोर दिसतो आणि आपल्यापासून काही तासांवर.

गोव्याचा विषय निघालाच आहे म्हणून एक गैरसमज दूर करतो. गोव्यात दुकानादुकानांत पोर्ट वाइन मिळते, त्यामुळं तिथं द्राक्षमळे असतील असं पुष्कळांना वाटतं. गोव्याच्या दमट हवेत वाइनच्या द्राक्षाची शेती होत नाही. वाइनचा प्रदेश बघायचा तर घाटाच्या वर, कोरड्या बाजूलाच जावं लागतं.

तारखा ठरवताना कॅलेंडरवर आणखी एक गोष्ट तपासा. २६ जानेवारी हा ड्राय डे. जोडून सुट्टी आली की सगळे तीच तारीख धरतात, आणि त्या दिवशी विक्री आणि चाखणं दोन्ही बंद. निवडणूक असेल त्या भागात मतदान संपण्याआधीचे ४८ तासही कोरडे असतात. बुकिंग करताना हा प्रश्न फोनवर स्पष्ट विचारा.

घराजवळची पूर्वतयारी

लांब जाण्याआधी एक अर्धा दिवस अथणी तालुक्यात किंवा तासगावच्या बाजूला घालवा असं मी आग्रहानं सांगतो. खर्च फक्त पेट्रोलचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथं खायच्या द्राक्षाची तोडणी आणि बेदाण्याची शेड दोन्ही चालू असतात. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून जाळीच्या रॅकवर पसरतात. साधारण दोन आठवड्यांत बेदाणा तयार होतो. चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा.

हे आधी बघून ठेवलं की वाइनच्या बागेत गेल्यावर फरक लगेच कळतो. खायच्या द्राक्षाचा मणी मोठा, पातळ सालीचा, बिनबियांचा हवा असतो. त्यासाठी जिब्रेलिक ॲसिड या वाढीच्या संप्रेरकाच्या फवारण्या होतात. वाइनच्या द्राक्षाचं उलट. मणी लहान, साल जाड, आत बिया. रंग आणि तुरटपणा सालीत आणि बियांतच असतो, म्हणून मणी जितका लहान तितका रसाच्या मानानं सालीचा वाटा जास्त. तासगावचा शेतकरी ज्या घडाकडं बघून नाक मुरडेल, तोच घड वायनरीला हवा असतो. आमच्या मामांना हे पटायला पुढच्या खेपेला नाशिकच्या बागेतला एक मणी तोंडात टाकावा लागला.

दुसरं काम: सोबत बघा

आपल्या घरातून सहलीला निघतात तेव्हा नवरा-बायको दोघंच क्वचित असतात. आई-वडील येतात, मुलं येतात, एखादी मावशी येते. त्यांतले निम्मे वाइनला हात लावणार नाहीत आणि त्यांनी लावावा असा आग्रहही धरू नये. तेव्हा प्रदेश असा निवडा की न पिणाऱ्यांचा दिवस वाया जाऊ नये. ही कसोटी लावली की निवड फार सोपी होते. पुढं सांगतो ते चारही प्रदेश हिला उतरतात.

नाशिकला त्र्यंबकेश्वर आहे, पंचवटी आहे, आणि वणीच्या सप्तशृंगीला जाणारा रस्ता दिंडोरीवरूनच जातो. म्हणजे सकाळी देवीचं दर्शन आणि परतताना दुपारी दिंडोरीकडची बाग, एकाच वाटेवर. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला जाताना पंढरपूर लागतं. बंगळूरजवळच्या नंदी हिल्सच्या पायथ्याशी नंदी गावात भोगनंदीश्वराचं हजाराहून अधिक वर्षांचं देऊळ आहे, जवळच मुद्देनहळ्ळी, विश्वेश्वरय्यांचं जन्मगाव. हंपीबद्दल तर सांगायलाच नको.

तिसरं काम: चार प्रदेश, आपल्या दारापासून मोजून

बेळगाव दोन मोठ्या वाइनप्रदेशांच्या जवळजवळ मध्ये आहे. उत्तरेला नाशिक साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, दक्षिणेला बंगळूर पाचशेच्या थोडं पुढं. पुण्याच्या किंवा मुंबईच्या माणसाला नाशिकखेरीज दुसरं सुचत नाही. आपल्याला दोन्ही दारं सारखीच उघडी आहेत, आणि दोन्हीकडची भाषाही येते.

नाशिक हा पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी सगळ्यांत भरवशाचा प्रदेश. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची, दिवसा ऊन आणि हिवाळ्यात रात्री चांगली थंडी. दिवसाच्या उन्हानं साखर भरते, रात्रीच्या गारव्यानं आंबटपणा टिकतो. राजीव सामंत यांनी सुला ही वायनरी १९९९ साली सुरू केली आणि पुढं पाहुण्यांसाठी टेस्टिंग रूम उघडली. तिथून इथलं वाइन पर्यटन वाढलं. आज गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क आणि सोमा एकमेकांपासून जवळ आहेत. इगतपुरीच्या बाजूला मुकणे धरणाच्या काठी व्हॅलोने आहे, ती लहान आणि शांत. दिंडोरीकडं शांदों, फेसाळ वाइनसाठी.

माझं मत विचाराल तर गंगापूरच्या बाजूला एक मोठी वायनरी आणि दुसऱ्या दिवशी एक लहान वायनरी बघावी. मोठ्या ठिकाणी यंत्रसामग्री आणि माहिती देण्याची शिस्त दिसते, पण शनिवारी तिथं जत्रेसारखी गर्दी असते. लहान ठिकाणी वाइन बनवणारा माणूस स्वतः भेटण्याची शक्यता असते, आणि त्याच्याशी अर्धा तास बोलण्यात जे मिळतं ते कुठल्याच ठरावीक फेरीत मिळत नाही.

नाशिकचा रस्ता निपाणी, कोल्हापूर, सातारा, पुणे, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा. एका दमात करू नका. पुण्यात किंवा नारायणगावला मुक्काम टाका. याच नारायणगावात शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात शातो इंडाज ही वायनरी उभी केली होती आणि आधुनिक भारतीय वाइनची सुरुवात तिथून धरतात. रेल्वेनं जायचं तर बेळगावहून गोवा एक्सप्रेस थेट मनमाडला नेते, तिथून नाशिक रोड ७० किलोमीटरच्या घरात. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. त्या वर्षी जायचं तर पर्वण्यांच्या तारखा आधी बघा, नाहीतर राहायला खोली मिळणं कठीण.

नंदी हिल्सचा प्रदेश नाशिकहून उंच, मळे साधारण ९०० मीटरवर. कंवल ग्रोव्हर यांनी १९८०च्या दशकात फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीनं दोड्डबळ्ळापूरजवळ लागवड सुरू केली. आजची ग्रोव्हर झांपा तीच. इथल्या लाल वाइन मला नाशिकपेक्षा अधिक आवडतात, विशेषतः शिराझ आणि काबर्ने या द्राक्षांचं मिश्रण. हवा वर्षभर सौम्य, त्यामुळं वृद्ध माणसांना दुपारचा त्रास कमी. याच भागात बंगळूर ब्लू ही जुनी निळी द्राक्षं होतात, भौगोलिक मानांकन मिळालेली. ती उंची वाइनची नव्हेत. रस, जॅम आणि गोड पोर्टला वापरतात. रस्त्याकडेला मिळाली तर खाऊन बघा, तो वास दुसऱ्या कुठल्या द्राक्षाला नाही.

जायला सगळ्यांत आरामाची वाट म्हणजे राणी चन्नम्मा एक्सप्रेस. बेळगावला बसा, दुसऱ्या दिवशी सकाळी यशवंतपूरला उतरा, टॅक्सी करा. बंगळूरच्या आत शिरावंच लागत नाही. टॅक्सीवाल्याशी कन्नडमधून बोललात तर दिवसभराची बोली चटकन ठरते.

अकलूज हे आपल्याकडच्या लोकांना फारसं ठाऊक नसलेलं, पण फेब्रुवारीच्या लहान सुट्टीसाठी माझ्या मते सर्वांत योग्य ठिकाण. बेळगावहून मिरज, पंढरपूरमार्गे तीनशे किलोमीटरच्या आसपास. सोलापूर जिल्ह्याचा हा कोरडा मुलूख उसासाठी ओळखला जातो. तिथं अकलूजचं मोहिते-पाटील घराणं, दिल्लीचं सेखरी कुटुंब आणि इटलीचे सेच्ची बंधू यांनी मिळून फ्रातेल्ली ही वायनरी उभी केली. इटालियनमध्ये त्या शब्दाचा अर्थच भाऊ. त्यांची सेत्ते ही लाल वाइन सांजोवेझे आणि काबर्ने सोविन्यों या द्राक्षांची. सांजोवेझे म्हणजे इटलीतल्या टस्कनीचं मुख्य द्राक्ष. ते माळशिरस तालुक्याच्या मातीत वाढलेलं बघताना मला फार आनंद झाला होता.

इथं नाशिकसारख्या पाच-सहा वायनरी एका रांगेत नाहीत. एक इस्टेट, एक मुक्काम, रात्री आकाशभर चांदण्या. खोल्या मोजक्या, म्हणून आधी फोन करून पक्कं केल्याशिवाय निघायचं नाही. याच दिवसांत त्या भागात ज्वारीचा हुरडा असतो. आमच्या आईला वाइनशी काही देणंघेणं नव्हतं, पण शेकोटीवरचा हुरडा, दही आणि शेंगदाण्याची चटणी यावर तिची सहल वसूल झाली. मुलांसाठी अकलूजला सयाजीराजे वॉटर पार्क आहे. एकच सांभाळा: माघी एकादशीच्या आसपास पंढरपूरला वारीची गर्दी असते. वारीलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर तो आठवडा टाळा.

हंपीच्या बाजूला क्रस्मा ही लहान, दर्जेदार इस्टेट आहे. हंपी बेळगावहून हुबळी, होसपेटमार्गे अडीचशे किलोमीटरच्या थोडं पुढं. पण केवळ वाइनसाठी तिकडं जाऊ नका. हंपी दोन दिवस बघायची असेल आणि इस्टेटनं आधी होकार कळवला असेल, तरच अर्धा दिवस त्यात घाला.

आणि आपल्या अगदी शेजारचा सांगली जिल्हा? पलूसला वाइन पार्क आहे, द्राक्षं तर अमाप. पण पाहुण्यांना फिरवून दाखवण्याची नाशिकसारखी घडी तिथं नाही. सहलीसाठी मी ते सुचवत नाही.

परदेशी जाणाऱ्यांसाठी दोनच ओळी. फ्रान्स-इटलीत तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी ते एप्रिल. आपल्या मेच्या सुट्टीत यांपैकी कुठंच तोडणी नसते. ऑक्टोबरातली दिवाळी मात्र युरोपच्या हंगामाच्या शेपटाला लागते.

चौथं काम: दिवसाची आखणी

एका दिवसात दोन वायनरी. तिसरी नको. सकाळी अकराच्या आत पहिली, मग पोटभर जेवण, मग थोडी झोप किंवा देवदर्शन, आणि चारच्या पुढं दुसरी. संध्याकाळच्या उन्हात मळा जास्त देखणा दिसतो आणि गाईडलाही वेळ असतो. शक्य असेल तर मंगळवार ते गुरुवार गाठा.

गाडी कोण चालवणार हे घरून निघतानाच ठरवा. एका चाखण्यात साधारण पाच वाइन, प्रत्येकी ३० मिलिलिटर धरली तर १५० मिलिलिटर, म्हणजे एक पूर्ण ग्लास. दोन वायनरी म्हणजे दोन ग्लास. गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल इतकी कमी आहे. थोडीशी घेतली, चालतं, असं इथं अजिबात चालत नाही. न पिणारा नातेवाईक चालवणार असेल तर उत्तम, नाहीतर ड्रायव्हरसकट गाडी ठरवा. आणि त्या ड्रायव्हरच्या जेवणाची सोय आधी बघा.

बुकिंग करताना फोनवर हे विचारून घ्या: त्या दिवशी तोडणी आहे का, तळघरात नेतात का, लहान मुलांना फेरीत येऊ देतात का, शाकाहारी जेवण मिळतं का, फेरी मराठीत किंवा कन्नडमध्ये होते का. शेवटच्या प्रश्नाला लाजू नका. माझी आई नाशिकला इंग्रजी फेरीत मागंमागं राहत होती. गाईड नाशिकचाच पोरगा होता, मराठीत सांगशील का म्हटल्यावर तो इतका मनापासून बोलला की इतर पाहुणेही आमच्या घोळक्यात आले. वयाचा पुरावा असलेलं ओळखपत्र प्रत्येकाचं जवळ असू द्या.

चाखताना

रिकाम्या पोटी जाऊ नका. सकाळी अत्तर, तीव्र वासाचं तेल लावू नका, पान-तंबाखू खाऊन जाऊ नका. नाकाला काही कळत नाही. क्रम फेसाळ, पांढरी, गुलाबी, लाल आणि शेवटी गोड असा असतो. ग्लास दांडीला धरा, हाताच्या उबेनं वाइन तापते. आधी रंग, मग वास, मग एक लहान घोट तोंडात फिरवून. उरलेली वाइन ओतून टाकायला भांडं ठेवलेलं असतं. ते वापरणं हा अपमान नाही. या धंद्यातले लोक दिवसभर तेच करतात.

गाईडला एक प्रश्न जरूर विचारा: लाल वाइन लाल कशानं होते? तो टाकीपाशी नेऊन दाखवेल. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस पाणीदार फिका असतो. लाल वाइन सालीसकट आंबवतात, रंग सालीतून उतरतो. पांढऱ्यासाठी आधी रस दाबून काढतात आणि साल बाजूला करतात. मुलांना हे फार आवडतं. हंगामात काही ठिकाणी पायानं द्राक्षं तुडवायला देतात. पोरांना मजा येते, पण पिण्याची वाइन त्यातून बनत नाही हे त्यांना सांगा.

बाटल्या घरी आणताना

इथं सीमेवरच्या माणसाला पुण्याच्या माणसापेक्षा जास्त जपावं लागतं. दारूबंदी आणि उत्पादन शुल्काचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. नाशिकहून येताना कोगनोळीला आणि अकलूजहून येताना मिरजेच्या पुढं राज्याची हद्द ओलांडावी लागते, आणि एका राज्यात विकत घेतलेली बाटली दुसऱ्यात आपोआप चालते असं समजू नका. चोर्ल्यातून गोव्याची बाटली आणताना जी काळजी घेतो तीच इथं. निघण्याआधी कर्नाटक उत्पादन शुल्क खात्याकडून त्या वेळचा नियम विचारून घ्या, बिल जपा, आणि शंका असेल तर तिथंच पिऊन रिकाम्या हातानं या. नंदी आणि हंपीचा फायदा इथं दिसतो: वाटेत राज्याची हद्द लागत नाही, बाळगण्याच्या मर्यादेचं तेवढं बघायचं.

फेब्रुवारीच्या दुपारी बंद गाडीची डिकी भट्टीसारखी तापते आणि दोन-तीन तासांत वाइनची चव बिघडते. बाटल्या जुन्या चादरीत गुंडाळून पायाशी, एसीच्या हवेत ठेवा. घरी आल्यावर बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवा म्हणजे बूच ओलं राहतं. फिरकीच्या झाकणाच्या उभ्या चालतात. जागा स्वयंपाकघरातली नको. जुन्या घरात जिन्याखालचा किंवा कोठीचा अंधारा कोपरा सगळ्यांत बरा. आणि पांढरी पुढचा उन्हाळा संपायच्या आत उघडा.